'कृत्रिम टंचाई' म्हणावं की 'घडवलेली दुर्मीळता'?

प्रश्न
क्रिप्टो आणि डिजिटल संग्राह्य वस्तूंबद्दलच्या मजकुरात 'आर्टिफिशियल स्केअर्सिटी' हा शब्द पदोपदी येतो. 'कृत्रिम टंचाई' लिहिलं की वाक्य खटकतं. 'दहा हजार चित्रांची कृत्रिम टंचाई' यातून काहीच कळत नाही. तुटवडा, दुर्लभता, दुर्मीळता यांपैकी काय चालेल? 'मिंट' (नवं टोकन, म्हणजे डिजिटल नाणं किंवा चित्राची मालकी-नोंद, तयार करणं) आणि 'बर्न' (ते कायमचं बाद करणं) यांनाही शब्द हवे आहेत.

प्रतिसाद १
'टंचाई'त गरज गृहीत असते, म्हणून खटकतं. पाण्याची, चाऱ्याची, औषधांची टंचाई होते. हिऱ्यांची टंचाई झाली असं कुणी म्हणत नाही. हिरा दुर्मीळ असतो. 'तुटवडा'ही त्याच कुळातला, फक्त त्यात मागणीच्या मानाने किती कमी पडलं याकडे रोख असतो.

शिवाय 'कृत्रिम टंचाई' हा शब्दप्रयोग मराठीत आधीच एका अर्थाला बांधला गेला आहे : माल आहे, पण साठेबाजाने तो गोदामात दडवला आहे. तुमच्या दहा हजार चित्रांमागे दडवलेलं काहीच नाही. दहा हजार एकावं चित्र काढायला खर्च जवळजवळ शून्य, तरी ते काढायचं नाही, असं विकणाऱ्याने आधीच ठरवलं आहे. त्याला 'घडवलेली दुर्मीळता' म्हणावं. 'दुर्लभ'ला मोलाची, पुण्याईची छटा आहे. जाहिरातदाराला ती हवीच असते, म्हणून विश्लेषणात तो शब्द टाळावा.

प्रतिसाद २
'घडवलेली दुर्मीळता' पटलं, पण 'कृत्रिम टंचाई' मोडीत काढू नका. क्रिप्टोत दडवलेला मालही असतो आणि तिथे हाच शब्द नेमका बसतो.

समजा, एका नाण्याची कमाल संख्या १०० कोटी आहे आणि बाजारात खुली फक्त ५ कोटी. भाव २ डॉलर. दिसणारं बाजारमूल्य १० कोटी डॉलर, पण सगळी नाणी धरली तर २०० कोटी. उरलेली ९५ कोटी संस्थापक, सुरुवातीचे गुंतवणूकदार आणि राखीव निधी यांच्याकडे कुलूपबंद. थोड्या नाण्यांवर सगळी मागणी तुटून पडते, म्हणून भाव चढतो. एखाद्या महिन्यात २ कोटी नाण्यांचं कुलूप उघडलं, तर खुला साठा एकदम ४० टक्क्यांनी वाढतो. म्हणून 'चलनातला साठा' (बाजारात खुला), 'एकूण साठा' (आजवर तयार झालेल्यातून जाळलेला वजा) आणि 'कमाल साठा' (कधीही होऊ शकेल तेवढा) हे तीन शब्द कधीही एकमेकांच्या जागी वापरू नका. वाचक नेमका तिथेच फसतो.

प्रतिसाद ३
मग बिटकॉइन कशात मोडतं? तेही घडवलेलंच. दर ब्लॉकला, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींच्या प्रत्येक नव्या गठ्ठ्याला, तो जोडणाऱ्याला नव्या नाण्यांचं बक्षीस मिळतं. सुरुवात ५० नाण्यांपासून, आणि दर २,१०,००० ब्लॉकनंतर बक्षीस निम्मं. २,१०,००० गुणिले ५०, त्याची दुप्पट (कारण पुढचे सगळे निम्मे-निम्मे हप्ते मिळून जवळपास पहिल्याइतकेच भरतात), म्हणजे २.१ कोटी, मर्यादा याच गणितातून येते. २०१२, २०१६, २०२० आणि २०२४ अशी चार वेळा निम्मं होऊन बक्षीस आता ३.१२५ वर आलं आहे. डोजकॉइन या दुसऱ्या क्रिप्टो नाण्याला अशी मर्यादाच नाही. तिथे साधारण मिनिटाला १०,००० नवी नाणी पडतात.

पण 'घडवलेली' म्हटल्यावर 'कुणी घडवली आणि कोण मोडू शकतो' हेही यायला हवं. बिटकॉइनची मर्यादा बदलायची तर जगभर स्वतंत्रपणे ते सॉफ्टवेअर चालवणाऱ्यांनी नवे नियम स्वीकारावे लागतात. चित्रसंचाची मर्यादा मात्र बऱ्याचदा एकाच चमूच्या स्मार्ट करारात (ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) असते. ब्लॉक एक्सप्लोररवर (ब्लॉकचेनवरच्या नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) तो करार उघडून पाहावं : कमाल संख्या स्थिरांक म्हणून लिहिली आहे, की मालकाला ती बदलण्याची सोय ठेवली आहे? करार 'प्रॉक्सी' पद्धतीचा असेल, म्हणजे पत्ता तोच ठेवून काम दुसऱ्या कराराकडे सोपवणारा, तर आतले नियमच बदलता येतात आणि मग 'फक्त १०,०००' हे नुसतं आश्वासन ठरतं.

करार चोख असला तरी तो स्वतःपुरताच बोलतो. बोअर्ड एप या वानरांच्या चित्रसंचाची संख्या एप्रिल २०२१ मध्ये १०,००० ठरली. ऑगस्टमध्ये त्याच चमूने म्युटंट एप आणले, कमाल २०,०००. मूळ संच वाढला नाही, पण त्या घराण्यातली चित्रं वाढली. अशा वेळी 'संचाची मर्यादा' लिहावं, नुसतं 'मर्यादित' नको.

प्रतिसाद ४
'मिंट'साठी शब्द घरातच आहे : नाणी पाडतात. 'टोकन पाडणे' सरळ लिहा.

'बर्न'ला 'जाळणे' चालेल, पण दोन क्रिया वेगळ्या ठेवा. करारातच नोंद रद्द झाली की एकूण साठा घटतो, ते 'जाळणे'. ज्याची किल्ली (खर्च करायला लागणारा गुप्त संकेत) कुणाकडेच नाही अशा पत्त्यावर टोकन पाठवली, तर ती अडकून पडतात, करारातला आकडा तसाच राहतो; त्याला 'मृत पत्त्यावर टाकणे' म्हणावं. मे २०२१ मध्ये इथेरियमचे सहसंस्थापक व्हिटालिक ब्युटेरिन यांनी आपल्याकडे न मागता आलेल्या शिबा इनू या नाण्यांपैकी सुमारे ४१० लाख कोटी टोकन अशीच पाठवली. बातम्यांत 'जाळली' आलं, आणि एकूण साठ्याचा आकडा पाहणारे गोंधळले.

प्रतिसाद ५
एक शब्द राहिला : 'विरळ'. क्रिप्टोपंक्स या चित्रसंचाच्या १०,००० चित्रांत परग्रहवासी फक्त ९, वानर २४, झोंबी ८८. ही संचातल्या गुणांची वाटणी आहे. विरळ केस, विरळ वस्ती म्हणतो तसंच 'विरळ गुण' म्हणा. संच दुर्मीळ नसतानाही त्यातला एखादा गुण विरळ असू शकतो.

प्रश्नकर्ता
मग वाक्य असं होईल का? 'चमूने १०,००० टोकन पाडून दुर्मीळता घडवली आणि त्यातली ६,००० स्वतःकडे ठेवून कृत्रिम टंचाई केली.'

प्रतिसाद २
अर्थ बरोबर. फक्त 'स्वतःकडे ठेवून'ऐवजी 'विक्रीबाहेर ठेवून' करा. ठेवलेली टोकन विकायला काढली असतील तर ती टंचाई नव्हे. आणि 'दुर्मीळ'मधला 'मी' दीर्घ, तो तुम्ही नीट लिहिला आहे.