प्रागला एकच मुक्काम की रोज नवं हॉटेल?

पेठेतला प्रवासी
मागच्या आठवड्यात इथेच एका जोडप्याला पाच रात्रींचा बेत आखून दिला गेला: चेकची राजधानी प्रागला दोन, मग चेस्की क्रुमलोव, गरम झऱ्यांचं कार्लोवी वारी आणि सीमेपलीकडे जर्मनीतल्या ड्रेस्डेनला एकेक. मला हे साफ अमान्य आहे. रोज सकाळी बॅगा भरायच्या, दुपारी नव्या हॉटेलच्या दारात खोली मिळेपर्यंत ताटकळायचं. ही सहल आहे की बदलीची नोकरी?

प्राग बोहेमियाच्या, म्हणजे चेकच्या पश्चिम भागाच्या, जवळजवळ मधोमध आहे आणि गाड्या चारी दिशांना सुटतात. कार्लश्टाइनचा किल्ला चाळीस मिनिटांवर, कुत्ना होरा तासाभरावर, कार्लोवी वारी बसने सव्वादोन तास, ड्रेस्डेनही साधारण तेवढंच. पाचही रात्री प्रागलाच झोपा आणि सकाळी पाठीवर एक छोटी सॅक टाकून निघा. जूनमध्ये नऊपर्यंत उजेड असतो, घाई कसली? ड्रेस्डेनची गाडी एल्बे नदीच्या काठाकाठाने जाते आणि चेक डायनिंग कारमध्ये गरम जेवण चिनी मातीच्या ताटलीत येतं. तो प्रवास हीच अर्धी सहल.

ब्रनोकर
अंतरांच्या यादीतून क्रुमलोव सोयीस्करपणे गाळलंत की! प्रागहून पावणेदोनशे किलोमीटर, बसला तीन तास. जाऊन-येऊन सहा तास बसमध्ये, आणि गावात पोचता कधी? बरोब्बर सगळ्या टूरच्या बसेस पोचतात तेव्हा, अकरा-बाराला. व्ल्टावा नदी त्या गावाला जवळजवळ पूर्ण वेढा घालते, त्यामुळे जुना भाग एवढासा आहे. भर दुपारी तिथल्या लाकडी पुलावर धक्के खात फोटो काढावे लागतात. संध्याकाळी बसेस गेल्या की तेच गाव तुमचं. किल्ल्याच्या अंगणांतून रात्रीही फिरता येतं, वरून खाली नदीचं वळण आणि दिवे लागलेली छपरं दिसतात. ते बघायचंच नसेल तर क्रुमलोवला जाऊच नका, फोटो बघा.

पेठेतला प्रवासी
मग नाहीच जाणार! एका रात्रीसाठी दोन खोल्यांचं भाडं कोण भरणार?

हिशेबनीस
दोन खोल्या कशाला? प्रागची खोली सोडायची. मोठी बॅग स्टेशनच्या लॉकरमध्ये किंवा हॉटेलच्या सामानखोलीत, बरोबर एका रात्रीचे कपडे.

आणि एक मुद्दा कुणीच काढला नाही: व्हिसा. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज ज्या देशात जास्त मुक्काम, त्या देशाकडे करायचा असतो. चेकच्या अर्जाला प्रागची पाच रात्रींची बुकिंगं जोडली की फाईल सुटसुटीत. ड्रेस्डेन, व्हिएन्ना असं शिंपडत बसलात तर आधी रात्रींची गोळाबेरीज करा. ड्रेस्डेनला दिवसाभरासाठी गेलात तरी पासपोर्ट जवळच ठेवा, सीमेपाशी गाडीत तपासणी होऊ शकते.

निवृत्त शिक्षिका
पेठेतले दादा म्हणतात ते आम्हा साठीपुढच्यांना पटतं, पण कारण वेगळं. क्रुमलोवच्या जुन्या भागात सगळीकडे दगडी गोटे. चाकाची बॅग तिथे चालत नाही, उड्या मारते. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना गोल. ह्यांनी एका हाताने कठडा धरला आणि दुसऱ्या हातात बॅग; मी मागून नुसती "सांभाळा, सांभाळा" करत होते. रात्री गाव सुंदर दिसलं असेल हो, आम्ही गुडघ्यांना तेल चोळत होतो.

कुत्ना होरा मात्र जरूर करा, आणि दिवसातच करा. मुख्य स्टेशनवर उतरलात की सेडलेत्सचं अस्थिगृह चालत दहा-पंधरा मिनिटांवर. सुमारे चाळीस हजार माणसांच्या हाडांची मांडणी आहे तिथे, छताला हाडांचंच झुंबर. फोटो काढू देत नाहीत, ते मला आवडलं. मग लोकल बसने जुन्या गावात. चांदीच्या खाणींचं गाव, १३०० पासून प्रागचे ग्रोशेन, म्हणजे चांदीची नाणी, तिथे पाडले जात. खाणकामगारांच्या पैशावर उभं राहिलेलं सेंट बार्बराचं चर्च १३८८ मध्ये सुरू झालं. शाकाहाऱ्यांनी तळलेलं चीज मागावं, बहुतेक खानावळीत मिळतं. दोन दिवस सलग मात्र खाऊ नये.

आणखी एक: पासष्टच्या पुढच्यांना गाडीच्या तिकिटात निम्मी सवलत आहे. आपण परदेशी असलो तरी, फक्त वयाचा पुरावा हवा.

ब्रनोकर
काकू, गोट्यांबद्दल शंभर टक्के मान्य. म्हणून तर बॅग प्रागलाच ठेवायची, किंवा त्याहून बरं: क्रुमलोवहून प्रागला परत यायचंच नाही! ते गाव ऑस्ट्रियाच्या वाटेवर आहे. सकाळी चेस्के बुदेयोवित्सेला या, तिथून लिंत्सची गाडी, पुढे साल्झबर्ग. मोठं सामान बरोबर असेल तर खोली नदीपलीकडे, बसथांब्याच्या बाजूला तळमजल्यावर घ्या. सहा तासांचे तीनच होतात, आणि "परतीचा प्रवास वाया" ही तक्रारही राहत नाही.

पेठेतला प्रवासी
म्हणजे ती प्रागची सहल राहिली नाही, ऑस्ट्रियाची झाली. पुढे जाणाऱ्यांसाठी चालेल. ज्यांचं परतीचं विमान प्रागहून आहे, त्यांच्यासाठी माझं मत तेच. आणि कार्लोवी वारीला रात्र कशासाठी, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

हिशेबनीस
मीही नाही सांगणार. व्रिडलो झऱ्याचा बारा मीटरचा फवारा, चोच असलेल्या कपातून खारट कढत पाणी, गोल गोड वेफर बिस्किट, बेखेरोव्का या वनौषधींच्या मद्याचा एक पेला. चार तासांत होतं. रात्र फक्त ज्यांना तीन-चार दिवस खरोखर स्नानोपचार घ्यायचेत त्यांनी.

ब्रनोकर
इथे माझीही हरकत नाही.

फक्त वार बघून बेत आखा. बहुतेक चेक किल्ले सोमवारी बंद असतात. कार्लश्टाइनला स्टेशनपासून अर्धा तास चढ चढून कुलूप बघणारे सोमवारी भेटतात. तो दिवस कुत्ना होराला द्या.

निवृत्त शिक्षिका
आणि कार्लश्टाइनच्या होली क्रॉस चॅपलची फेरी आधीच आरक्षित करा, दारात गेल्यावर सहसा मिळत नाही. साध्या फेरीत ते चॅपल नसतं.