पाकिटाची मागची बाजू वाचा
दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचं कुत्र्या-मांजरांचं खाणं हलक्या दर्जाचंच असतं, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. २००७ मध्ये मेलामाइन या प्लास्टिक बनवायच्या रसायनाच्या भेसळीमुळे उत्तर अमेरिकेत खाणं परत मागवलं, तेव्हा नामांकित आणि दुकानी पाकिटं एकाच कंपनीत बनत होती हे उघड झालं. म्हणून मागची बारीक अक्षरं बघा: 'संपूर्ण व संतुलित' लिहिलंय का, कोणत्या वयासाठी? मांजराला तर टॉरिन (मांसात असणारं एक पोषकद्रव्य) हवंच, ते कमी पडलं की डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. घटकांच्या यादीत चिकन पहिलं दिसलं म्हणून भुलू नका. क्रम वजनाचा असतो, आणि कच्च्या मांसात बरंचसं पाणीच. बदल मात्र हळूहळू करा. आमचा बोका आधी नुसता हुंगून बाजूला व्हायचा. जुन्यात चमचाभर मिसळत गेले, चौथ्या दिवशी वाटी चाटूनपुसून साफ!