वडिलांशी रोज फोन होतो पण बोलणं होत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी म्युनिकला असते, आई आणि अण्णा कराडला. वेळेचा प्रश्न नाहीये, माझी जेवणाची सुट्टी साडेबाराला, तेव्हा तिकडे चार (हिवाळ्यात पाच) वाजलेले असतात, चहा चालू असतो, दोघंही निवांत. आईशी छान गप्पा होतात. अण्णांशी मात्र जेवलीस का, पाऊस आहे का तिकडे, बरं, घे आईशी बोल. संपलं!

अण्णा एसटीत कंडक्टर होते, कराड-चिपळूण लाइनला बरीच वर्षं, दिवसभर माणसांशी बोलायचंच काम, त्यामुळे अबोल वगैरे अजिबात नाहीत. पण बीपीच्या गोळ्या सुरू झाल्यापासून घरातले सगळे त्यांना फक्त तब्येतच विचारतो, गोळी घेतली का, फिरून आलात का, आणि तेही हजेरी दिल्यासारखं हो हो करतात.

मध्ये एकदा सहज विचारलं, अण्णा तिकिटाचं मशीन यायच्या आधी हिशोब कसा लावायचात हो? तर काय बोललेत! प्रत्येक दराच्या तिकिटांची वेगळी गड्डी, सुटताना पहिला नंबर वेबिलावर, म्हणजे हिशोबाच्या कागदावर टिपायचा, मध्येच चेकर गाडीत चढला की आधी डोकी मोजणार, कुंभार्ली घाटात धुकं असलं की ड्रायव्हर गाडी कशी काढायचा, मुक्कामी गाडी असली की कॅशची बॅग उशाशी घेऊन झोपायचं, "झोप कसली लागतीय" म्हणाले. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. आई मागून ओरडतीये चहा गार झाला, तरी हे चालूच.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, अजून सांगा ना जुन्या आठवणी, तर "त्यात काय सांगायचं" आणि फोन आईकडे.

म्हणजे नेमकं काहीतरी विचारलं तरच खुलतात, एवढं कळलंय. पण रोज असा प्रश्न कुठून आणू? आणि सारखं मीच विचारत राहिले तर मुलाखत होईल ती. माझ्या कामाचं ते कधीच विचारत नाहीत, आपल्याला कळणार नाही असं वाटत असेल बहुतेक, तर ते त्यांना कसं सांगावं म्हणजे त्यांनाही दोन शब्द बोलावेसे वाटतील? ज्यांचे आईवडील लांब आहेत त्यांनी प्लीज सांगा, तुम्ही रोजच्या फोनवर नक्की काय बोलता, अगदी वाक्यासकट सांगितलं तरी चालेल. व्हिडिओ कॉल त्यांना आवडत नाही आणि व्हॉट्सॲपवर फक्त सुप्रभात पाठवतात, त्यामुळे साध्या फोनवर जमेल असंच सुचवा.