व्हिएतनाम – दिवाळीच्या सुट्टीत आईबाबांना घेऊन, ८ दिवस. प्लॅन बघून सांगा

कांदेपोहे_९:
नमस्कार मंडळी. भाऊबीज उरकली की लगेच व्हिएतनामला निघायचं डोक्यात आहे. आम्ही दोघं, मुलगा वय वर्षं ७, आणि आईबाबा. मुंबईहून थेट हनोई आणि येताना सायगॉनहून थेट मुंबई अशी विमानं बघून ठेवलीत, अजून बुक काही केलेलं नाही. हनोई २ दिवस, हालाँग बे मध्ये बोटीवर १ रात्र, मग विमानाने दा नांग आणि तिथून होई आन ३ दिवस (बायकोला ते कंदिलांचं गाव बघायचंच आहे, रील्स बघून गल्ल्या पाठ झाल्यात तिच्या), शेवटी सायगॉन २ दिवस.
विचारायचं असं की आई पक्की शाकाहारी आहे, अंडंसुद्धा नाही, तिचं काय होईल? बाबांचे गुडघे दुखतात, फार चालणं जमत नाही. पैसे डॉलर न्यायचे की कार्ड चालतं? आणि एजंट व्हिसाचे माणशी साडेपाच हजार सांगतोय, बरोबर आहे का?

भटकी_शेवंती:
बुक केलं नाहीत हे फार चांगलं केलंत. दिवाळीची सुट्टी आणि होई आन हे समीकरण जुळत नाही हो. आपल्याकडे पाऊस संपून हवा छान झालेली असते म्हणून आपल्याला वाटतं तिकडेही तसंच असणार, पण व्हिएतनाम उभं लांबलचक पसरलंय आणि तिन्ही भागांचं हवामान वेगवेगळं. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे नेमका मधल्या भागाचा, ह्युए, दा नांग, होई आन या पट्ट्याचा पुराचा मोसम. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर ह्युए आणि होई आन दोन्हीकडे रस्त्यावर होड्या चालत होत्या.
मी स्वतः एका नोव्हेंबरात गेले होते. पोचलो तेव्हा नुसती रिपरिप, दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलवाला लॉबीतली गादी वरच्या मजल्यावर न्यायला लागला. त्याचा चेहरा अगदी शांत, जणू दर शुक्रवारचं काम. दुपारपर्यंत गुडघाभर पाणी. तिथे तान की नावाचं जुनं व्यापाऱ्याचं घर आहे, लोक तिकीट काढून बघतात, त्याच्या भिंतीवर कुठल्या वर्षी पाणी कुठवर आलं त्याच्या खुणा आहेत, काही तर माझ्या डोक्याच्या वर. माळ्याला झडप ठेवलीय, पूर आला की सामान दोराने वर ओढून घ्यायला. गावाला सवय आहे हो, आपल्या ८ दिवसांच्या सुट्टीला नाही.
त्याच वेळी उत्तर भाग मात्र झकास असतो. कोरडी हवा, सकाळ-संध्याकाळ पातळ स्वेटर पुरे. तेव्हा होई आन सरळ काढा आणि ते दिवस निन्ह बिन्हला द्या, हनोईहून गाडीने दोन तास. तिथे चुनखडीच्या डोंगरांमधून नदीत होडीने फिरवतात, ताम कोकला तर बायका पायांनी वल्हं मारतात, मागे रेलून, सायकल चालवल्यासारखं. मुलगा खूश होईल आणि बाबांना फक्त बसायचंय. होई आन फेब्रुवारी-मार्चमध्ये वेगळं करा, जोडीला 'मी सोन' नावाच्या ठिकाणची, जुन्या चाम राजांनी बांधलेली शंकराची देवळं पण होतील, तिथून तासाभरावर आहेत.

तात्यांचा_नातू:
८ दिवसांत ४ मुक्काम, त्यात आईबाबा आणि पोरगं, सहल आहे की एसटीचं वेळापत्रक? रोज बॅगा भरण्यातच जाईल.
हनोईच्या जुन्या भागात एक सांभाळा. खांद्यावर कावड आणि दोन बाजूला फळांच्या टोपल्या घेऊन बायका फिरतात. एक हसत हसत आली, काही कळायच्या आत कावड आमच्या मातोश्रींच्या खांद्यावर आणि डोक्यावर ती टोकेरी टोपी. मातोश्री हरखल्या, मी फोटो काढला, आणि मग चार केळ्यांचे आणि फोटोचे मिळून जे मागितले त्यात आमच्याकडे दोन डझन हापूस आला असता. घासाघीस करून निम्म्यावर आणलं पण मातोश्री अजून तोच फोटो डीपीला ठेवतात त्यामुळे वसूल म्हणायचं.
तसाच एक चपलेवाला असतो, चालता चालता तुमच्या बुटाकडे बोट दाखवून वाकतो आणि विचारायच्या आधी गोंद लावायला घेतो. थांबूच नका.

शेवयांची_खीर:
आईंच्या जेवणाचं मी सांगते, माझ्या सासूबाईंना घेऊन १२ दिवस काढलेत. एकच शब्द पाठ करा, 'चाय'. चाय म्हणजे शाकाहारी. (आणि चहाला हनोईत म्हणतात 'चा'. सासूबाईंनी पहिले दोन दिवस चाय मागून जो गोंधळ घातला तो विचारू नका.) पाटीवर 'कोम चाय' दिसलं की डोळे मिटून आत शिरा, ती बौद्ध पद्धतीची शाकाहारी खानावळ. त्यांच्या धार्मिक नियमात कांदा-लसूणही बसत नाही, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांचीसुद्धा बऱ्याच ठिकाणी सोय होते, तरी विचारून घ्यायचं. चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला बरेच लोक शाकाहार करतात, त्या दिवशी नेहमीच्या टपऱ्याही चाय ठेवतात पण कोम चायमध्ये जागा मिळत नाही.
साध्या हॉटेलात 'नो मीट' म्हणून काही उपयोग नाही. मटण नाही घातलं पण न्योक माम, म्हणजे माशाचा सॉस, तो घातलाच. त्यांच्या हिशेबात ते मीठ आहे. भाजीवर, भातावर, बुडवायच्या चटणीत, सगळीकडे. त्यामुळे 'नो फिश सॉस' वेगळं सांगायचं, फोनवर व्हिएतनामीत लिहून दाखवलं की उत्तम.
आणखी एक गंमत. चाय खानावळीत सोयाबीनची कोळंबी, मशरूमचं चिकन असले प्रकार इतके हुबेहूब बनवतात की सासूबाईंनी पहिली प्लेट नुसती बघून सरकवून दिली. कोळंबीला शेपटीपण होती हो! वेटर बिचारा 'चाय, चाय' म्हणत छातीवर हात ठेवून शपथा घेतोय आणि या ढिम्म. शेवटी टोफू टोमॅटोच्या रस्श्यात आणि मोकळा भात, त्यावर पुढचे दिवस गेले. वाण्याकडे 'मी चाय' लिहिलेली नूडल्सची पाकिटं मिळतात, खोलीत किटली असतेच. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या, बोटीवरच्या रात्री उपयोगी पडेल. बोटवाल्यांना बुकिंग करतानाच लेखी कळवा, तिथे पोचून सांगितलं तर काकडी आणि भात मिळेल.

सायगावकर:
५ वर्षं कामानिमित्त सायगॉनमध्ये आहे, म्हणून हे नाव.
व्हिसा: एजंटची काही गरज नाही. ई-व्हिसा सरकारी साइटवर स्वतः भरा, एकदाच प्रवेशाचा २५ डॉलर, ९० दिवसांपर्यंत मिळतो. शोधताना सारख्या दिसणाऱ्या खाजगी साइट वर येतात, पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट व्हीएन' आहे ना ते बघा. आपली मराठी लोकांची चूक ठरलेली, ती म्हणजे मधलं नाव. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, फॉर्म भरताना आपण घाईत फक्त पहिलं नाव, समजा सुनीता, एवढंच लिहितो. माझ्या मेव्हणीचं तेच झालं, विमानतळाच्या काउंटरवर बोर्डिंग पास नाकारला, नवीन व्हिसा काढेपर्यंत बाकीचे पुढे गेले. फी परत मिळत नाही. अक्षर न् अक्षर पासपोर्टसारखं पाहिजे. तीन वर्किंग डेज म्हणतात पण दोनतीन आठवडे आधी करा. आत कुठून येणार, बाहेर कुठून जाणार तेही विचारतात, तुमचं हनोई आणि हो ची मिन्ह (सायगॉनचं आताचं सरकारी नाव).
पैसे: डॉलर आणा, १०० च्या कोऱ्या नोटा, घडी किंवा पेनाची रेघ असली तर कुरकुर करतात. रुपये कोणी घेत नाही. कार्ड हॉटेलात चालतं, रस्त्यावर रोख. १ लाख डाँग म्हणजे साधारण साडेतीनशे रुपये, हे एक डोक्यात ठेवा, बाकी शून्यं मोजत बसू नका. आणि २० हजार व ५ लाख या दोन्ही नोटा निळ्या! रात्री टॅक्सीत ७० रुपयांच्या जागी १७०० देऊन मोकळे होतात लोक. ५ लाखाच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. टॅक्सीपेक्षा ग्रॅबच (ओला-उबरसारखं अ‍ॅप) वापरा, भाडं आधी कळतं.
रस्ता ओलांडणं: स्कूटर थांबणार नाहीत. एका लयीत हळू चालत राहायचं, त्या आजूबाजूने जातात. मध्येच थांबलात किंवा पळालात की गडबड. बाबांसोबत असाल तर एखाद्या स्थानिक आजीच्या मागे लागा, मी अजूनही तेच करतो.
सायगॉनमध्ये बेन थान बाजाराजवळ मारिअम्मन देऊळ आहे, आईंना आवडेल, तिथे व्हिएतनामी लोकच जास्त दिसतात, उदबत्त्या घेऊन. कु चीचे युद्धकाळातले भुयारी मार्ग मात्र गुडघेवाल्यांसाठी नाहीत, वाकून, जवळजवळ रांगत जावं लागतं. त्यांनी वरचं बघावं, आत मुलाला घेऊन तुम्ही जा.

तात्यांचा_नातू:
@सायगावकर तो फॉरवर्ड खरा आहे का हो, व्हिएतनामने शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्यावरून अमेरिकेला हरवलं वगैरे?

सायगावकर:
दर १९ फेब्रुवारीला दहा जण पाठवतात. मी ऑफिसमध्ये चार जणांना विचारलं, म्युझियमच्या गाईडलाही विचारलं, कोणी ऐकलेलं नाही. महाराजांना मोठं व्हायला या फॉरवर्डची गरज नाही.

कांदेपोहे_९:
सगळ्यांचे आभार. होई आन रद्द, घरात दोन दिवस अबोला होता, आता मार्चमध्ये दोघंच जायचं ठरलंय त्यावर सुटलं. नवीन प्लॅन हनोई ३, निन्ह बिन्ह १, हालाँग १, सायगॉन ३. आईचा फॉर्म उघडून बघितला तर मधलं नाव खरंच गाळलं होतं, सबमिट करायच्या आधी सापडलं. बाबांना कु चीचं सांगितलं तर ऐकेनात, म्हणाले १९७५ साली सायगॉन पडलं ती बातमी मी आकाशवाणीवर ऐकलीय, रांगत तर रांगत.
एकच राहिलं, बोटीवर सकाळी चहा दुधाचा मिळतो का? आई विचारतेय.

शेवयांची_खीर:
नाही. दूध पावडर न्या.