डीएक्स-७ चे टोन मोडएक्समध्ये घेतले, पण इलेक्ट्रिक पियानो कानाला टोचतोय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कोथरूडच्या एका वाद्यवृंदात की-बोर्ड वाजवतो. नोकरी सांभाळून, पण कार्यक्रम बऱ्यापैकी असतात. पुढचा कार्यक्रम ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या गाण्यांचा आहे आणि त्यात इलेक्ट्रिक पियानो, घंटांसारखे टोन, तो टणटणीत बास असं सगळं लागणार. म्हणजे थोडक्यात यामाहा डीएक्स-७, त्या काळचा एफएम पद्धतीचा (एका लहरीने दुसरी हलवून आवाज घडवणारा) सिंथेसायझर. माझ्याकडे यामाहाचाच मोडएक्स-६ सिंथेसायझर आहे (पहिला, प्लस नव्हे). यामाहाचा एफएम कन्व्हर्टर ब्राउझरमध्ये चालतो आणि फुकट आहे, त्यातून डीएक्स-७ ची मूळ फॅक्टरी बँक बदलून घेतली, पेनड्राइव्हवर टाकली आणि मोडएक्समध्ये लायब्ररी म्हणून लोड केली. इथवर सुरळीत.

अडचण आवाजात आहे. बँकेतला अकरावा टोन, तो प्रसिद्ध ई-पियानो १, हळू वाजवला तर छान, पण जरा जोर दिला की ताटावर चमचा आपटल्यासारखा टिंग येतो. शिवाय सगळे टोन कोरडे वाटतात. रेकॉर्डवर ऐकलेला गोडवा नाही. कन्व्हर्टर नीट बदलत नाही की माझंच काही सेटिंग राहिलंय?

दुसरं, एका ओळखीच्यांनी सिसएक्सच्या (वाद्यातले टोन साठवणाऱ्या) काही फाइली दिल्या, त्यातल्या दोन कन्व्हर्टर घेतच नाही.

तिसरं आणि खरं महत्त्वाचं. आमच्या वाद्यवृंदाचे जुने वादक, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो, त्यांच्या सदाशिव पेठेतल्या घरी अस्सल डीएक्स-७ आहे. जपानहून कोणीतरी आणून दिलेला. त्यात त्यांनी स्वतः बनवलेले टोन आहेत, विशेषतः मारिंब्यावरून घडवलेला एक जलतरंग. तो मला हवाय, आणि काकांचीही इच्छा आहे की तो कुठेतरी जपला जावा. पण वाद्य बरीच वर्षं बंद आहे. चालू करावं का? आणि टोन बाहेर कसे काढायचे?

– पांढरीचार

*

मंद्रसप्तक:
कन्व्हर्टर निर्दोष आहे हो. कारण तुमच्या बोटांखाली आहे.

जुन्या डीएक्स-७ च्या पट्ट्या कितीही जोरात दाबा, व्हेलॉसिटी (पट्टी किती जोरात दाबली त्याचा आकडा) कमाल १२७ पर्यंत पोचायचीच नाही, बरीच खाली अडायची. टोन बनवणाऱ्यांनी ते त्याच पट्ट्यांवर बनवले आणि कानाला बरं वाटेल तिथे थांबले. मोडएक्सच्या पट्ट्या मात्र सहज १२७ देतात. म्हणजे तुम्ही टोनच्या अशा भागात वाजवताय, जो मूळ वाद्यावर हाताने कोणी ऐकलाच नव्हता.

ई-पियानो १ मध्ये हे जास्त का जाणवतं तेही सांगतो. तो अल्गोरिदम ५ वर आहे, म्हणजे लहरी तयार करणाऱ्या ऑपरेटरची पाचव्या प्रकारची जोडणी. सहा ऑपरेटर, त्यांच्या तीन जोड्या, प्रत्येक जोडीत एक ऐकू येणारा आणि दुसरा त्याला हलवणारा. त्यातल्या एका जोडीत हलवणाऱ्याचा रेशो १४ आहे, म्हणजे त्याची लहर मूळ स्वराच्या चौदा पट वेगाने चालते. सुरुवातीचा टिंग तिथून येतो, आणि तो ऑपरेटर व्हेलॉसिटीला सगळ्यात हळवा ठेवलेला आहे. एफएममध्ये हलवणाऱ्याची पातळी वाढली की आवाज मोठा होत नाही, त्याचा पोत बदलतो, वरचे स्वरांश वाढतात. म्हणून तुम्हाला ‘मोठा’ न वाटता ‘टोचरा’ वाटतोय.

उपाय: त्या पार्टच्या (मोडएक्समध्ये टोन ज्या जागी बसतो त्या) सेटिंगमध्ये व्हेलॉसिटी डेप्थ आणि ऑफसेट आहेत. डेप्थ थोडी कमी करा, पूर्ण जोरात वाजवून बघा, टिंग गोड होईल तिथे थांबा. युटिलिटीत संपूर्ण वाद्याचा व्हेलॉसिटी कर्व्हही बदलता येतो, पण त्याला हात लावू नका. तो बदललात तर तुमचा साधा पियानो आणि स्ट्रिंग्जही बदलतील, आणि ऐन कार्यक्रमात डोक्याला ताप.

एवढ्यानेही टिंग राहिला तर रेशो १४ वाला ऑपरेटर शोधून त्याची लेव्हल दोन-चार अंशांनी उतरवा. जास्त नको, नाहीतर तो ई-पियानो राहणार नाही.

रियाजी:
एवढा खटाटोप कशाला? मोडएक्समध्ये चांगले इलेक्ट्रिक पियानो भरपूर आहेत. कॅटेगरी सर्चमध्ये ॲट्रिब्यूट एफएम-एक्स निवडा, एफएमवालेच टोन समोर येतील. इफेक्ट लावून तयार असतात. प्रेक्षकांना फरक कळत नाही.

मंद्रसप्तक:
प्रेक्षकांना नसेल कळत, भारत नाट्य मंदिरात पहिल्या रांगेत बसणाऱ्या काकांना कळेल. आणि काकांचा जलतरंग फॅक्टरीत कुठून मिळणार?

कोरसवाली:
कोरडेपणाबद्दल मी लिहिते. डीएक्स-७ मध्ये एकही इफेक्ट नव्हता. रिव्हर्ब नाही, कोरस नाही, आउटपुटही मोनो. तुम्ही रेकॉर्डवर जे ऐकलंत ते वाद्य आणि त्यावर स्टुडिओतल्या इफेक्ट-यंत्रांचा रॅक. कन्व्हर्टर प्रामाणिकपणे फक्त वाद्य देतो, म्हणून कोरडं लागतं.

मी स्वतः ई-पियानोला इन्सर्टमध्ये (त्याच पार्टपुरत्या इफेक्टच्या जागी) एसपीएक्स कोरस लावते, वेग अगदी मंद, डेप्थ मध्यम, आणि ड्राय-वेट निम्म्याच्या खाली. मग रिव्हर्ब थोडा. पण एक गोष्ट घरी बसून कळत नाही. बऱ्याच हॉलमध्ये साउंडवाले दादा आपल्याला एकच लाइन देतात, म्हणजे डावं-उजवं एकत्र होऊन मोनो. मग स्टीरिओ कोरस घरी जितका सुंदर वाटतो तितका तिथे पोकळ होऊ शकतो. म्हणून टोन करतानाच एकदा मोनो करून ऐका. फक्त डाव्या जॅकमध्ये केबल लावलीत की झालं.

बास टोनला मात्र कोरस लावू नका, प्लीज. पातळ होतो.

तापकीरगल्ली:
न घेतलेल्या दोन फाइलींचा आकार किती आहे ते आधी बघा. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. डीएक्स-७ ची ३२ टोनची पूर्ण बँक बरोबर ४१०४ बाइटची असते. ४०९६ बाइट टोनचे, बाकीचे आठ म्हणजे पुढचं डोकं आणि मागचं शेपूट.

तुमच्या फाइली ४०९६ च्या असतील तर कोणीतरी डोकं-शेपूट उडवलंय. १६३ च्या असतील तर ती बँक नव्हे, एकच टोन आहे. दोन्ही बाबतीत डेक्स्ड नावाचा फुकट प्लगइन घ्या. तो डीएक्स-७ चीच नक्कल आहे. त्यात फाइल उघडायचा प्रयत्न करा आणि पूर्ण कार्टरिज (३२ टोनची बँक) म्हणून पुन्हा सेव्ह करा. तसंही कन्व्हर्ट करण्याआधी डेक्स्डमध्ये ऐकून घेणं बरं, निम्मी बँक कचराच असते.

आणि ४१०४ असूनही कन्व्हर्टर घेत नसेल तर ती बहुधा डीएक्स-२१, डीएक्स-१०० किंवा टीएक्स-८१झेडची बँक. ती चार ऑपरेटरची वाद्यं, पण बँकेचा आकार योगायोगाने तेवढाच. हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) चौथा बाइट बघा: ०९ म्हणजे डीएक्स-७, ०४ म्हणजे चार ऑपरेटरवालं. ती फाइल सोडून द्या.

पांढरीचार:
सगळ्यांचे मनापासून आभार! डेप्थ उतरवली आणि खरंच, दुसरंच वाद्य वाजवतोय असं वाटलं. टिंग आहे, पण आता तो हवाहवासा वाटतोय. कोरस लावून मोनोतही ऐकला, कोरसची डेप्थ थोडी कमी केली. फाइलींपैकी एक ४०९६ ची निघाली, ती डेक्स्डमधून जमली. दुसरीत चौथा बाइट ०४.

आता काकांच्या वाद्याबद्दल कोणीतरी सांगा. मागच्या पट्टीवर १०० व्होल्ट लिहिलंय.

तापकीरगल्ली:
थांबा, थेट भिंतीत लावू नका! १०० व्होल्टचं वाद्य आणि आपले २३० व्होल्ट, धूरच निघेल. काकांकडे पूर्वीचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर असणार, पण तो जुना झाला असेल तर आधी मल्टिमीटरने आउटपुट मोजा. नवा घ्यायचा असेल तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास चौकशी करा. दुकानदार हटकून ११० चा हातात देईल आणि ‘साहेब, चालतंय’ म्हणेल. तुम्ही १०० चाच मागा, किंवा बांधून घ्या. वाद्याच्या पट्टीवर वॅट छापलेले असतात, त्याच्या दुप्पट व्हीएचा (ट्रान्सफॉर्मरची क्षमता) घ्या म्हणजे तापणार नाही.

दुसरी धोक्याची गोष्ट बॅटरी. टोन जपण्यासाठी आत एक सीआर-२०३२ सेल असतो, तोही सोल्डर केलेला. तो संपला की काकांचे टोन गेले. तो काढला तरी गेले. त्यामुळे कोणी हौशी कारागीर ‘आधी सेल बदलून देतो, मग बघू’ म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. आधी टोन बाहेर, मग सेल. वाद्याच्या फंक्शनमध्ये सेलचं व्होल्टेज बघायची सोय आहे, चालू केल्यावर ते बघून घ्या. टोनची नावं स्क्रीनवर नीट वाचता येत असतील तर जीव भांड्यात पडला समजा. नावांच्या जागी चिन्हांचा गोंधळ असेल तर मात्र...

मंद्रसप्तक:
टोन बाहेर काढायची रीत:

वाद्याच्या मिडी आउटमधून इंटरफेसच्या इनमध्ये. स्वस्त यूएसबी-मिडी केबलवर ‘इन’ लिहिलेला प्लग बहुतेक वेळा वाद्याच्या आउटमध्ये जातो, तिथे लोक तासन्‌तास अडकतात. त्यातही त्या अगदी स्वस्त केबल नोट्सपुरत्या ठीक, सिसएक्सचा मोठा तुकडा आला की मधले बाइट गिळतात. कोणाकडून तरी बऱ्यापैकी ऑडिओ इंटरफेस मागून आणा, ज्याला पाच पिनांचं मिडी आहे.

सिसएक्स पकडायला विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर सिसएक्स लायब्रेरियन हे सॉफ्टवेअर. ते ऐकायच्या स्थितीत ठेवा. मग डीएक्स-७ वर फंक्शन दाबून ८ नंबरचं बटण. ते पुन्हा दाबलं की सिस्टिम इन्फो ‘अनअव्हेल’ दिसेल, तिथे यस दाबून ‘अव्हेल’ करा. अजून एकदा ८, आता ‘मिडी ट्रान्समिट?’ विचारेल. यस. पूर्ण बँक सव्वा-दीड सेकंदात येते. आलेली फाइल ४१०४ बाइटची आहे ना ते बघा. कमी असेल तर बाइट गळलेत, पुन्हा पाठवा. शक्यतो दोनदा पाठवून दोन्ही फाइली सारख्या आहेत का तेही ताडून बघा, मग नीट दोन ठिकाणी ठेवा.

काकांकडे कार्टरिज (टोन साठवायच्या, वाद्यात खोचायच्या डब्या) असतील तर त्याही एकेक करून अंतर्गत मेमरीत घेऊन पाठवता येतात. पण आधी अंतर्गत बँक बाहेर काढा. कार्टरिज लोड केली की आतले ३२ टोन पुसले जातात, विचारून पुसले जातात, पण घाईत यस दाबलं जातंच.

पांढरीचार:
काम झालं! जुना ट्रान्सफॉर्मर बरोबर १०० देत होता. नावं शाबूत. काकांनी नाव दहा अक्षरांत बसवायचं म्हणून जलतरंगाच्या शेवटी नुसता आकडा ठेवलाय, १ पासून ४ पर्यंत. चारही मोडएक्समध्ये आले. तिसऱ्यात काठी लागल्याचा जो किंचित ‘टक’ आहे तो ऐकून काका म्हणाले, ‘हा सगळ्यात शेवटचा, यावर मी खूष होतो.’

एक खटकतंय. काका पट्टी दाबून धरून अजून दाब द्यायचे आणि स्वर थरथरायचा. मोडएक्सवर काहीच होत नाही. आणि पिच बेंडही त्यांच्यापेक्षा वेगळा लागतो.

मंद्रसप्तक:
दोन वेगळी कारणं. एक, मोडएक्सच्या पट्ट्यांना आफ्टरटच (दाबून धरल्यावर वाढवलेला दाब ओळखणं) नाही, डीएक्स-७ ला होता. दोन, पहिल्या डीएक्स-७ मध्ये बेंडची रेंज, पोर्टामेंटो (स्वरावरून स्वरावर घसरणं), मॉड व्हील आणि आफ्टरटच कशाला हलवणार, हे सगळं टोनमध्ये साठत नसे. ते वाद्याचं सेटिंग, टोनचं नाही. म्हणून फाइलीत ते आलेलंच नाही. काकांच्या वाद्यावरचे फंक्शनचे आकडे एकदा कागदावर उतरवून घ्या आणि प्रत्येक पार्टला हाताने भरा. कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचंय.

त्याच बैठकीत अल्गोरिदम ४ किंवा ६ वर असलेले टोन दोन्ही वाद्यांवर आलटून पालटून ऐका. त्या दोघांत फीडबॅक (ऑपरेटरची लहर परत मागे देणं) एका ऑपरेटरपुरता नसून दोन-तीन ऑपरेटरना वळसा घालून येतो, तिथे फरक पडला तर पडेल. बाकीच्यांची काळजी नाही.

कोरसवाली:
थरथरीसाठी मी फूट कंट्रोलर वापरते. एफसी-७ पेडल मागे फूट कंट्रोलर १ ला लावा. पार्ट एडिटमध्ये मॉड/कंट्रोल, तिथे कंट्रोल असाइन, सोर्स फूट कंट्रोलर १, डेस्टिनेशनला पिच हलवणाऱ्या एलएफओची (संथ लहरीची) डेप्थ. तिथला रेशो (परिणामाचं प्रमाण) अगदी कमी ठेवा, पाय हातापेक्षा आडदांड असतो. आणि व्हॉल्यूमचं पेडल आधीच १ मध्ये असेल तर हे २ मध्ये लावा, नाहीतर जलतरंग थरथरायच्या ऐवजी मोठा होत जाईल.