मदत हवी आहे : नगरसेविकेचं काम, नोकरी आणि घर कसं जमवता?

नमस्कार मंडळी, यावेळी ठाणे महापालिकेत पहिल्यांदाच निवडून आलेय, त्याआधी सोसायटीच्या कमिटीपलीकडे कशातच नव्हते. 2017 नंतर थेट 2026 ला निवडणूक झाली, 2022 पासून प्रशासकच होते, त्यामुळे लोकांची कामं तुंबलीत आणि त्यांचं रास्तच आहे हो, इतकी वर्षं त्यांनी जायचं कोणाकडे.

पाणी आलं नाही की पहाटेपासून फोन सुरू, दारात कोणीतरी अर्ज आणि झेरॉक्स घेऊन उभं, इकडे ओट्यावर मुलीचा डबा अर्धवट. सासूबाई आलेल्यांना बसवतात, चहा देतात, पण त्यांचेही गुडघे दुखतात. मी खाजगी ऑफिसात अकाउंट्स बघते, मानधनावर घर चालत नाही म्हणून नोकरी सोडायची नाहीये, पण महासभा असते वर्किंग डेलाच, आणि मार्चएंडला सुट्टी मागायला तोंड उघडवत नाही. मिस्टर म्हणतात तुझे फोन मी घेतो, ते मला पटत नाही, लोकांनी मत मला दिलंय.

प्रभागात आम्ही चौघं आहोत तरी एकच तक्रार चौघांकडे जाते. ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा, आपापसात एरिया वाटून घेतले तर लोक दुखावतात का? भेटायची वेळ बोर्डवर लावली तर ती पाळली जाते का? तक्रारी लिहून घ्यायला कोणी ठेवलंय का? मुलगी यंदा दहावीला जाईल, रात्रीचं जेवण तरी तिच्यासोबत व्हायला हवं. नवी मुंबईतल्या कोणी असाल तर तुम्हीही लिहा.