ॲलन पार्ट्रिजचा टॉक शो नेमका कशामुळे बुडाला?

प्रश्न
ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील ॲलन पार्ट्रिज याच्या चित्रफिती पाहताना मी बराच काळ त्याला खराखुरा मुलाखतकार समजत होतो. तो अभिनेता स्टीव्ह कूगन याने उभा केलेला काल्पनिक माणूस आहे, हे नंतर कळले. काही भागांत तो झगमगत्या मंचावर पाहुण्यांशी गप्पा मारतो, तर काहींत हमरस्त्यालगतच्या हॉटेलात एकटाच राहतो. हा क्रम कसा लावावा?

प्रतिसाद १
1991 साली बीबीसी रेडिओ 4 वरील एका विडंबनात्मक वार्तापत्रात तो क्रीडावार्ताहर म्हणून अवतरला. पुढच्याच वर्षी रेडिओवर त्याला स्वतःचा टॉक शो मिळाला आणि 1994 मध्ये तो दूरचित्रवाणीवर आला. कार्यक्रमाचे नाव आब्बा या स्वीडिश पॉप गटाच्या, ‘आहा’चा पुकारा असलेल्या ‘नोइंग मी, नोइंग यू’ या गाण्यावरून घेतलेले असल्याने पाहुण्यांशी ‘आहा!’ची देवाणघेवाण ठरलेलीच. सहाव्या भागात द्वंद्वयुद्धाचे जुने पिस्तूल हाताळताना त्याच्या हातून चक्क एक पाहुणाच मारला जातो. तरीही 1995 चा नाताळ विशेष भाग त्याच्या पदरात पडला आणि तिथे त्याने, हात नाताळच्या जेवणातल्या टर्की पक्ष्यात अडकलेला असताना, बीबीसीच्या वरिष्ठाला ठोसा लगावला. हॉटेल येते ते यानंतर, 1997 च्या मालिकेत. तोवर बायको सोडून गेलेली असते, आणि नॉरिच या इंग्लंडमधील शहराच्या स्थानिक रेडिओवरचा पहाटे साडेचारचा कार्यक्रम तेवढा हाती उरलेला असतो.

प्रतिसाद २
घटनाक्रम बरोबर आहे, पण पिस्तूल आणि टर्की ही केवळ निमित्ते होत. मुलाखतकाराला ऐकता यावे लागते. ॲलन मात्र समोरचा श्वास घ्यायला कधी थांबतो आणि आपल्याला आपली गोष्ट कधी रेटता येते, याचीच वाट पाहत असतो. पाहुणा अवघडला की तो शरमून गप्प बसण्याऐवजी अधिकच बोलतो, आणि प्रत्येक वाक्यागणिक खड्डा खोल होत जातो. असा माणूस पाहुण्याला इजा न करताही कार्यक्रम बुडवू शकला असता.

प्रश्नकर्ता
आभार. म्हणजे तो नॉरिचमध्येच अडकून पडला का?

प्रतिसाद १
बराच काळ, होय. 2002 च्या मालिकेत तो घराचे बांधकाम होईपर्यंत कॅराव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहतो. मधल्या काळात मानसिक खच्चीकरण होऊन, टोब्लेरॉन चॉकलेट खात, अनवाणी गाडी चालवत तो स्कॉटलंडमधील डंडीपर्यंत गेलेला असतो. 2019 मध्ये मात्र एका कार्यक्रमाचा सूत्रसंचालक आजारी पडल्याने तो बदली म्हणून पुन्हा बीबीसीच्या सोफ्यावर बसतो. पाहायचे असेल तर 1994 पासूनच आरंभ करावा, नाहीतर त्या सोफ्यासाठी त्याची चाललेली धडपड कळत नाही.